वास नसलेल्या शेंगा

मामाने सुपारीच्या बागेत व्हॅनिला लावला तेव्हा मी कॉलेजात होते. सावंतवाडीहून तासाभरावर त्याची बाग. 2000 साली मादागास्करला चक्रीवादळाने झोडपलं, तिथलं पीक गेलं आणि पुढची तीन-चार वर्षं व्हॅनिलाचा भाव नुसता चढत राहिला. 2003-04 च्या सुमारास तयार शेंगा किलोला पाचशे डॉलरच्या घरात गेल्या होत्या. कर्नाटकातल्या शिरसी-पुत्तूरकडच्या बागाईतदारांनी पोफळींमध्ये वेल लावले आणि ती बातमी आमच्या मामापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तो जाऊन वेलाचे मीटर-मीटरचे तुकडे घेऊन आला, गिरिपुष्पाच्या खुंटांवर चढवले आणि थांबला. व्हॅनिलाला फूल यायला साधारण तीन वर्षं लागतात. मामाचे वेल फुलले तोवर भाव पन्नास डॉलरच्याही खाली आला होता.

पहिली दोन वर्षं त्याने हिरव्या शेंगा एका व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात दिल्या. मग कुणी फिरकेना. खुंट मिरीच्या वेलांना दिले आणि विहिरीकडचे सात-आठ वेल तेवढे मामीच्या मायेने राहिले.

मामीची माया म्हणजे काय ते सांगते, कारण त्याशिवाय एकही शेंग धरत नाही. व्हॅनिलाचं मूळ गाव मेक्सिको. तिथल्या मधमाश्या आपल्याकडे नाहीत, आणि फुलात परागकण आणि स्त्रीकेसर यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मान टाकतं. तेवढ्या वेळात कुणीतरी काडीने तो पडदा उचलून पराग पलीकडे चिकटवायचा. ही युक्ती 1841 मध्ये हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावर एदमों आल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली आणि आजही जगभर तीच चालते. मामी ते काम माडाच्या हिराने करते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी चहाच्या आधी जाऊन दहा-बारा फुलं उरकून येते. तिच्या भाषेत ती "फुलांची लगनां लावता."

डिसेंबर 2023 मध्ये मी गेले तेव्हा वेलांवर शेंगांचे घोस लटकत होते. फरसबीसारख्या हिरव्या, वीतभर लांब. एक तोडून नाकाशी धरली. काहीच नाही. ओल्या पालेभाजीचा येतो तेवढाच वास.

"मामा, याला वास कसा नाही?"

"शेंगांक वास खंय असता? इतकी वर्सां बघतंय, कधी इलो नाय," मामा म्हणाला. "व्हयत तितक्यो व्हर."

वीस वर्षं व्हॅनिला दारात आणि माणसाने व्हॅनिलाचा वास घेतलेला नाही. खरं तर त्यात नवल काही नव्हतं. हिरव्या शेंगेला वास नसतोच. तो शेंग तोडल्यावर पुढचे काही महिने बनवावा लागतो, आणि तो बनवणारा दुसराच कुणी असतो. मामाने विकल्या त्या हिरव्या शेंगा. पैसा होता पुढच्या महिन्यांत.

मामीने ज्यांची शेवटची टोकं पिवळी पडायला लागली होती अशा निवडून पंचेचाळीस शेंगा काढून दिल्या. सगळ्या मिळून सहाशे ग्रॅमच्या आसपास. मी त्या टॉवेलात गुंडाळून रात्रीच्या गाडीने पुण्याला आणल्या. डोक्यात होतं ते व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे शेंगांचा अर्क. बेकिंगची मला सवय आहे, आणि दुकानातली खरी बाटली घ्यायची म्हटलं की हात आखडतो. आपण सगळे वापरतो तो इसेन्स वेगळा, त्यात बहुतेक वेळा व्हॅनिलाच्या शेंगेचा संबंध नसतो. शेंगेतलं व्हॅनिलिन 1858 मध्ये वेगळं काढलं गेलं आणि 1874 मध्ये ते पाइनच्या झाडातल्या एका द्रव्यापासून प्रयोगशाळेत तयारही झालं. तेव्हापासून कस्टर्डचा आणि नानकटाईचा वास कारखान्यातून येतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, माझं बालपण त्याच वासात गेलं आहे.

पहिलं काम म्हणजे शेंगा "मारणं". शब्द कठोर आहे पण या धंद्यात तोच वापरतात. शेंगा गरम पाण्यात थोडा वेळ बुडवायच्या म्हणजे त्यांचं वाढणं थांबतं. मी वाचलं होतं की पाणी चांगलं गरम हवं. चांगलं म्हणजे किती, ते नीट वाचलं नव्हतं. पातेल्याच्या तळाशी बुडबुडे धरू लागले तशा पाच शेंगा सोडल्या, पाच मिनिटांनी काढल्या. शेवग्याच्या शेंगा आमटीत शिजून येतात तशा मऊ, पिवळट हिरव्या. पुढे त्या तपकिरी झाल्या, वाळल्या, पण वास शेवटपर्यंत आला नाही.

चूक का झाली ते नंतर नीट समजून घेतलं. हिरव्या शेंगेत व्हॅनिलिन असतंच, पण साखरेच्या रेणूला बांधलेलं, आणि बांधलेल्या अवस्थेत त्याला वास नसतो. ती गाठ सोडवणारं विकर, म्हणजे एन्झाइमही शेंगेतच असतं, पण वेगळ्या कप्प्यात. गरम पाण्याने कप्प्यांच्या भिंती मोडतात आणि दोघांची गाठ पडते. पण पाणी फार गरम झालं तर गाठ सोडवणाराच मरतो. मग भिंती मोडूनही उपयोग काय. म्हणून पाणी 63 ते 65 अंश, आणि वेळ तीन मिनिटं. केकच्या पाकासाठी घेतलेला थर्मामीटर ड्रॉवरमध्येच पडला होता.

उरलेल्या चाळीस शेंगा पाण्यात थर्मामीटर ठेवून, एका सुती पिशवीत भरून, घड्याळ लावून बुडवल्या. पिशवी काढल्याबरोबर न गार होऊ देता टॉवेलात आणि वर घोंगडीत गुंडाळल्या आणि सहलीला नेतो त्या आइसबॉक्समध्ये बंद केल्या. आपण आंब्याची अढी घालतो त्याच चालीचं हे काम, ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडलं तर शेंगा चॉकलेटी झालेल्या आणि घोंगडी ओली. याला घाम काढणं म्हणतात, आणि घामच तो.

मग रोजचा क्रम सुरू झाला. सकाळी अकराला काळी घोंगडी गच्चीवर पसरायची, शेंगा एकीला एक न चिकटू देता मांडायच्या, तासा-दीड तासाने हाताला चटका बसण्याइतक्या तापल्या की तशाच घोंगडीत गुंडाळून बॉक्समध्ये. उद्या पुन्हा. पुण्याच्या थंडीत रात्री बॉक्स स्वयंपाकघरात गॅसच्या कट्ट्याखाली ठेवत होते. ऑफिस घरून होतं म्हणून हे जमलं, नाहीतर शक्य नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा विचारलं, "अगं, करपलेल्या फरसबीचं करतेस तरी काय?"

चौथ्या-पाचव्या दिवशी घोंगडी उलगडली आणि पहिल्यांदा वास आला. पण व्हॅनिलाचा नव्हे. ओले मनुके, थोडा काकवीचा, थोडा तंबाखूच्या पुडीचा. मला वाटलं बिघडलं. दोन दिवसांनी त्याच्या पाठीमागून दुसरं काहीतरी येऊ लागलं, आणि मी गच्चीवर घोंगडीत तोंड घालून बसले होते तेव्हा वॉचमन टाकी बघायला वर आला. त्याने काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

जानेवारीत दोन दिवस मळभ आलं. शेंगा तापल्या नाहीत आणि मी आळसाने तशाच कोमट गुंडाळून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी सहा शेंगांच्या देठाशी पांढरी लव. पुसून घेऊन चालवणारे लोक आहेत म्हणे. मी टाकल्या, त्यांच्या शेजारच्या वेगळ्या काढून नीट तपासल्या आणि घोंगडी कडकडीत उन्हात घातली. चौतीस राहिल्या.

पंधरा-एक दिवसांनी ऊन बंद केलं. नंतर सावलीत, पुस्तकांच्या कपाटावर चाळणीत, तीन आठवडे. या काळात काही घडत नाही, वजन तेवढं रोज उतरतं. बोटाभोवती गुंडाळली तर न मोडता वळली पाहिजे, आणि दाबली तर पाणी सुटता कामा नये, असा अंदाज ठेवला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला काट्यावर ठेवल्या तेव्हा चौतीस शेंगा 82 ग्रॅम भरल्या. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांतून एक किलो तयार होते असा हिशेब असतो, तो माझ्याही बाबतीत बरोबर निघाला. मग बटरपेपरात जुड्या बांधून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दोन महिने. दर रविवारी उघडायच्या, एकेक बघायची, पुन्हा बंद. शेवटच्या दोन-तीन रविवारी डबा उघडला की आई आतल्या खोलीतून विचारायची, "आज काय केलंयस गोडाचं?"

इथपर्यंत सगळं सोवळ्यात. पुढे वाइन शॉप होतं.

एक्स्ट्रॅक्टला दारू लागतेच. व्हॅनिलिन आणि त्याच्याबरोबरची दोनशेहून अधिक द्रव्यं नुसत्या पाण्यात पुरेशी उतरत नाहीत आणि निव्वळ स्पिरिटमध्येही सगळी नीट येत नाहीत, पाणी आणि मद्यार्क दोन्ही हवेत. अमेरिकेत तर नियमच आहे: लिटरला साधारण शंभर ग्रॅम शेंगा आणि मद्यार्क निदान 35 टक्के, तेव्हाच लेबलवर एक्स्ट्रॅक्ट म्हणता येतं. ग्लिसरीनमध्ये करतात तेही ठीक, पण ते फार फिकं पडतं. आपल्याकडच्या व्होडकावर 42.8 टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे त्या मापात ती अगदी चोख बसते. स्वतःची चव नसलेली आणि साधी व्होडका घ्यायची, भारीतल्या बाटलीचे पैसे वाया.

पाडव्याला आणायची नाही, ही आईची अट. म्हणून 10 एप्रिलला गेले. वयाच्या चाळिशीत पहिल्यांदाच त्या खिडकीसमोर उभी राहिले. मागे चार जण रांगेत. "व्होडका द्या, साधी, साडेसातशेची," असं मी दूधवाल्याकडे मागावं तशा आवाजात म्हटलं. त्याने विचारलं, "परमिट?" महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो हे मला माहीत होतं, पण मी पिणार नव्हते! ते समजावून सांगायला लागले तर रांगेतला एक जण म्हणाला, "मॅडम, सगळे तेच सांगतात." शेवटी एक दिवसाचा परवाना फाडून घेतला आणि बाटली ओढणीखाली धरून घरी आले. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

आईचा दुसरा आक्षेप जागेवर होता. बाटली अंधारात ठेवायची असते, आणि घरातलं एकमेव अंधारं कपाट देवघराला लागून. तिथे काही ती ठेवू देईना. सरतेशेवटी ती माझ्या कपाटात, हिवाळी स्वेटरांच्या मागे गेली.

चौतीसपैकी तीन शेंगा आईसाठी काढून ठेवल्या, त्यांना दारूचा स्पर्श नको म्हणून. उरलेल्या एकतीस म्हणजे जवळजवळ बरोबर 75 ग्रॅम, बाटलीही 750 मिलीची. इतका सरळ हिशेब आयुष्यात पुन्हा जुळायचा नाही. शेंगा कात्रीने उभ्या चिरल्या, बरणीच्या मापाने आडव्या कापल्या. आतला गर काळा, चिकट, खसखशीहूनही बारीक दाण्यांचा. हाताला तीन दिवस वास होता आणि मी हात धुवायला टाळाटाळ करत होते. सगळ्या शेंगा एका स्वच्छ काचेच्या बरणीत घालून वर व्होडका ओतली. शेंगेचा तुकडा वर उघडा राहता कामा नये, तिथे बुरशी धरते. एक तुकडा सारखा वर येत होता, त्याला एका काचेच्या गोळीने दाबून ठेवलं. भाच्याची गोट्यांमधली होती, उकळून घेतली.

अर्ध्या तासात रंग आला. दुसऱ्या दिवशी पातळ चहा, आठवड्यात कोरा चहा. मी लगेच चाखून बघितलं आणि घसा भाजला. महिन्याने पुन्हा: नाकाला व्हॅनिला, जिभेला निव्वळ दारू. घाई करणारे बरणी गरम पाण्यात ठेवतात. रंग लवकर उतरतो, वास मात्र मला तरी उथळ वाटला (एका छोट्या बाटलीत करून बघितलं होतं, ती पुढे बहिणीला दिली). ऑगस्टपर्यंत आठवड्यातून एकदा हलवण्यापलीकडे काही केलं नाही. ऑगस्टच्या शेवटी झाकण उघडलं तर दारूचा झटका मागे गेला होता. तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. आठ महिने ठेवलं.

डिसेंबर 2024 मध्ये गाळताना पोटात गोळा आला. चमचा घातला तर बरोबर जेलीसारखी लांब तार वर आली, शेंबडासारखी, याला दुसरा चांगला शब्द नाही. सगळं सडलं असं वाटून मी खाली बसले. वास घेतला तर उत्तम. ते शेंगेतलंच तेलकट, चिकट द्रव्य असतं, दारूत सुटं होऊन तारा धरतं. कॉफीच्या फिल्टरपेपरातून दोनदा गाळलं, गेलं. शेंगा थोडी दारू पितात, म्हणून हातात आलं ते सातशेच्या आत. चोथा सुकवून पिठीसाखरेच्या डब्यात पुरला आहे, ती साखर कॉफीत फार छान लागते.

आता खरं सांगायचं तर. मी दोन चॉकलेट केक केले, एकात हे आणि एकात चाळीस रुपयांचा इसेन्स, आणि घरातल्या सहा माणसांपैकी कुणालाही फरक सांगता आला नाही. मलाही नाही. नानकटाईत तर इसेन्सच जिंकला. तुपाच्या आणि वेलदोड्याच्या शेजारी माझा बिचारा गप्पच होता. पण दुधात गोष्ट वेगळी. साधं कस्टर्ड, पावडरचं नव्हे, अंड्याचं, खाली उतरवल्यावर चमचाभर. पहिल्या घासाला वाटतं कमी पडलं. दुसऱ्या घासाला मनुक्यासारखं काहीतरी येतं, मग लाकडासारखं, आणि वाटी संपल्यावरही ते जिभेवर असतं. इसेन्स आधी दारातून ओरडत येतो आणि तितक्याच लवकर निघूनही जातो. तेव्हा ज्यांना केकसाठीच हवं आहे त्यांनी एवढी उठाठेव करू नये असं मी म्हणेन. आइस्क्रीम, कस्टर्ड, कच्चं क्रीम करत असाल तर करा, पण तयार शेंगा विकत घेऊन. एकेक शंभर-दीडशेला पडते. ओलसर, चकचकीत पहिल्या प्रतीच्या लागत नाहीत. एक्स्ट्रॅक्टला थोड्या कोरड्या, दुय्यम प्रतीच्याच बऱ्या, पाण्याचे पैसे कशाला द्या.

आईच्या तीन शेंगांपैकी एक संकष्टीच्या तांदळाच्या खिरीत गेली. वेलदोडा घालायचा नाही हे तिला पटवायला मला जास्त वेळ लागला. खिरीत काळे ठिपके बघून ती आधी म्हणाली, "तांदूळ निवडले होतेस ना?" नैवेद्य दाखवून झाल्यावर वाटीभर खाल्ली, आणि उरलेल्या दोन शेंगा मसाल्याच्या कपाटात कुलपात ठेवल्या.

जानेवारी 2025 मध्ये मी कोकणात गेले ती खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत थोडं एक्स्ट्रॅक्ट आणि रुमालात दोन सुक्या चोथ्याच्या शेंगा घेऊन. मामा पडवीत सुपारी सोलत होता. बाटलीचं झाकण उघडून त्याच्या हातात दिली. त्याने बाटली लांब धरली, मग जवळ आणली. एकदा मला, एकदा विहिरीकडे बघितलं. बराच वेळ नाकाशी धरून होता.

"ह्यो आपल्यो शेंगो?"

"तुमच्याच."

त्याने मामीला हाक मारली. मामीने थेंबभर मनगटाला लावला, अत्तर लावतात तसा, आणि पदराने पुसून पुन्हा वास घेतला. ती काही बोलली नाही. मामा मात्र बाटली खाली ठेवून कामाचं विचारू लागला. पाणी किती गरम, किती मिनिटं, ऊन किती दिवस, इथल्या दमट हवेत जमेल का. मी सांगत गेले. मग त्याने विचारलं, "आता भाव काय आसा?"

मध्ये 2018 च्या आसपास भाव पुन्हा सहाशे डॉलरवर गेला होता, चांदीपेक्षाही महाग. त्या वेळी मामाला कुणी सांगितलं नव्हतं. "आता परत पडलाय," मी म्हटलं. "मादागास्करने किमान भावाची अट काढली 2023 मध्ये, तेव्हापासून खालीच आहे."

मामा हसला. "म्हंजे आता लावूक हरकत नाय. तीन वर्सांनी चडतलो."

मामी उठून आत जायला निघाली होती, ती उंबरठ्यावर थांबली. "आणि लगनां कोण लावतलो? माजी कंबर आता वाकना नाय."